पंचवीस फेऱ्यांचा खलाशी : व्लादिमिर कुत्स

२३ नोव्हेंबर १९५६. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराचे अवाढव्य क्रिकेट मैदान. ऑलिंपिकसाठी तेथे धावमार्ग आखलेला होता, आणि दहा हजार मीटरच्या म्हणजे पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीसाठी देशोदेशीचे धावपटू रेषेवर येऊन उभे राहिले होते. त्यांत इंग्लंडचा गॉर्डन पिरी होता. उंच, सडपातळ, लांबलचक पायांचा. लांब पल्ल्याचा धावपटू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्या चित्रासाठीच जणू तो जन्मला होता. आणि त्याच रेषेवर सोव्हिएत संघाच्या लाल बनियनमध्ये उभा होता पिवळसर केसांचा, रुंद खांद्यांचा, भरदार मांड्यांचा एक खलाशी. उंची अवघी १७२ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. एखाद्या अनोळखी माणसाला त्या रांगेपुढे उभे करून विचारले असते, की यांत चुकून आलेला कोण, तर त्याने बेधडक या खलाशाकडे बोट दाखवले असते. हा फार तर कुस्तीगीर असेल, नाहीतर बंदरावर पोती उचलणारा, असेच त्याला वाटले असते.

त्या खलाशाचे नाव व्लादिमिर कुत्स. त्याचे चरित्र मी आपल्या वार्षिकासाठी लिहायला घेतले, तेव्हा एका मैत्रिणीने विचारले, की इतके खेळाडू पडले असताना हाच का? त्याचे उत्तर पुढे ओघात येईलच.

कुत्सचा जन्म ७ फेब्रुवारी १९२७ चा. युक्रेनमधल्या सुमी प्रांतातले एक लहानसे खेडे हे त्याचे गाव. बीटच्या साखरेचा तो मुलूख. काळीभोर जमीन आणि हाडे गोठवणारा हिवाळा. लहानपणी हा मुलगा गुबगुबीत आणि जरा मंदच होता, आणि बरोबरीची पोरे त्यावरून त्याला चिडवीत, असे सांगतात. पोरांची जात जगभर एकच! धावण्याच्या शर्यतीत याला कोणी भिडू म्हणून घेतले असेल, असे मला तरी वाटत नाही.

तो चौदा वर्षांचा असताना, १९४१ मध्ये, जर्मन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. पुढची दोन वर्षे त्या मुलखाने परकीय लष्कराच्या टाचेखाली काढली. ज्या वयात आपण मैदानावर खेळतो ते त्याचे वय उपासमारीत आणि भीतीत गेले. १९४३ मध्ये मुलूख मोकळा झाला आणि हा पोरसवदा मुलगा सैन्यात शिरला. युद्ध संपल्यावर तो बाल्टिक समुद्रावरच्या नौदलात दाखल झाला. तेव्हा लक्षात घ्या, धावपटू म्हणून ज्याची जडणघडण व्हावी अशी एकही गोष्ट त्याच्या वाट्याला आली नव्हती. ना शाळेचे मैदान, ना शिक्षक, ना अंगकाठी. नौदलात त्याने मुष्टियुद्धासह बरेच खेळ करून पाहिले. त्याच्या शरीराकडे पाहिले तर ते स्वाभाविकच होते. धावण्याकडे तो वळला तो जवानांच्या शर्यतींतून. त्या शर्यतींत तो जिंकत गेला आणि मग कोणाचे तरी लक्ष त्याच्याकडे गेले. खऱ्या अर्थाने पद्धतशीर सराव सुरू झाला तेव्हा तो चोविशीच्या आसपास होता. त्या वयापर्यंत अनेकांची अर्धी कारकीर्द होऊन गेलेली असते.

आता थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लांब पल्ल्याच्या धावण्यात वजनाला काहीच महत्त्व नसते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. दहा हजार मीटर धावायचे म्हणजे हजारो पावले टाकायची, आणि प्रत्येक पावलागणिक आपले वजन आपणच उचलून पुढे न्यायचे. जितके वजन अधिक तितका प्राणवायू अधिक लागणार. शिवाय मोठे शरीर उष्णताही अधिक निर्माण करते आणि ती बाहेर टाकायला त्याला अधिक त्रास पडतो. म्हणूनच उन्हातल्या मॅरेथॉनमध्ये हलक्या अंगाची माणसे पुढे दिसतात. त्याच मेलबर्नला मॅरेथॉन जिंकणारा फ्रान्सचा आलँ मिमूं हा असाच हलकाफुलका माणूस होता. हे सारे खरे. पण माणसाचे हृदय किती रक्त फेकते, त्याच्या स्नायूंना किती सोसते, दमल्यानंतर तो पुन्हा किती लवकर ताजा होतो, या गोष्टी वजनकाट्यावर दिसत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांना तर मुळीच दिसत नाहीत. कुस्तीत वजनाचे गट असतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात. धावण्यात असे गट नाहीत, सर्वांना एकच रेषा. मात्र जे नियमांच्या पुस्तकात नाहीत ते गट निवड करणाऱ्यांच्या मनात असतात, आणि ते फार कडक असतात.

याच हेलसिंकीमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. लांब पल्ल्याच्या दुनियेचा तो अनभिषिक्त सम्राट. कुत्सची आणि त्याची गाठ पडली १९५३ मध्ये, बुखारेस्टच्या जागतिक युवक महोत्सवात. पाच हजार मीटरच्या शर्यतीत हा अनोळखी खलाशी सुरुवातीपासून असा सुटला, की झाटोपेकला त्याला गाठायला शेवटची फेरी उजाडावी लागली. कुत्स हरला, पण अवघ्या एका सेकंदाने. त्याच वर्षी तो पाच आणि दहा हजार मीटरमध्ये सोव्हिएत विजेता झाला आणि सलग चार वर्षे ही दोन्ही विजेतेपदे त्याने सोडली नाहीत.

पुढच्या वर्षी, १९५४ च्या ऑगस्टमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे युरोपीय स्पर्धा झाल्या. पाच हजार मीटरच्या शर्यतीत सर्वांचे लक्ष झाटोपेक आणि इंग्लंडचा ख्रिस चॅटवे यांच्याकडे होते. कुत्स पुन्हा सुरुवातीलाच पुढे सुटला. बाकीच्यांनी त्याला जाऊ दिले. हा थकणार आणि आपोआप मागे येणार, अशी त्यांची खात्री होती. मला येथे राहून राहून वाटते, की सडपातळ अंगाचा कोणी इतका पुढे गेला असता, तर ते इतके निर्धास्त राहिले असते का? कुत्स मागे आलाच नाही. १३ मिनिटे ५६.६ सेकंदांत त्याने शर्यत संपवली, झाटोपेकचा जागतिक विक्रम मोडला, आणि चॅटवे व झाटोपेक त्याच्यामागे बारा-चौदा सेकंदांनी पोहोचले.

पण त्याच्यात एक मोठी उणीव होती. शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये वाऱ्यासारखे सुटण्याची ताकद त्याच्यापाशी नव्हती. १३ ऑक्टोबर १९५४ रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर, रात्री दिव्यांच्या झोतात, तो आणि चॅटवे पुन्हा समोरासमोर आले. हा चॅटवे म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यात रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, तेव्हा त्याला वेग धरून देणाऱ्या दोघांपैकी एक. कुत्सने पूर्ण शर्यतभर त्याला झटकून टाकण्याचा प्रयत्न केला. चॅटवे सावलीसारखा चिकटून राहिला आणि अखेरच्या क्षणी त्याने कुत्सला गाठून मागे टाकले. दोघांत अंतर होते एक दशांश सेकंदाचे. जागतिक विक्रम चॅटवेच्या नावावर गेला. दहाच दिवसांनी प्रागमध्ये कुत्सने तो परत आपल्याकडे आणला. ते झाले तरी लंडनचा धडा विसरण्यासारखा नव्हता : शेवटपर्यंत कोणी सोबत राहिला, तर आपण हरणार.

मग करायचे काय? दुसऱ्या कोणी शेवटची धाव सुधारण्यात वर्षे घालवली असती. कुत्स आणि त्याचे प्रशिक्षक ग्रिगोरी निकिफोरोव्ह यांनी वेगळाच विचार केला. शेवटी कोणी सोबत उरताच कामा नये! एरवी लांब पल्ल्याचा धावपटू घड्याळाच्या काट्यासारखा एकाच लयीत धावतो, कारण त्यात शक्ती कमी खर्च होते. कुत्स ती लयच मोडून टाकू लागला. मध्येच दोनशे-चारशे मीटर तो बेफाम वेगाने पळे, मग एकदम मंदावे, प्रतिस्पर्ध्याचा श्वास जरा बसतो आहे तोच पुन्हा उसळी घेई. चारशे मीटरच्या असंख्य वेगवान फेऱ्या, मध्ये अगदी थोडा विसावा, असा सराव त्याने वर्षानुवर्षे केला. अशा धक्क्यांना दणकट स्नायू लागतात, बैलासारखे काळीज लागते. म्हणजे पाहा, ज्या शरीराला सगळे धावण्याच्या दृष्टीने अडगळ समजत होते, त्याच शरीराला झेपेल अशी शर्यत या माणसाने शोधून काढली. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. पदके त्यानंतरची.

एवढे करूनही १९५६ च्या जूनमध्ये नॉर्वेतल्या बर्गन येथे पिरीने त्याला पाच हजार मीटरमध्ये हरवले, तेही १३ मिनिटे ३६.८ सेकंदांचा नवा जागतिक विक्रम करून. सप्टेंबरात कुत्सने मॉस्कोत दहा हजारांचा जागतिक विक्रम केला, २८ मिनिटे ३०.४ सेकंद. अशा रीतीने दोघेही मेलबर्नला आले ते एकमेकांवर डोळा ठेवूनच.

आता त्या शर्यतीकडे परत येऊ. तिचे जुने चित्रीकरण आज घरबसल्या पाहायला मिळते. मी ते किती वेळा पाहिले याची गणती नाही. बंदुकीचा बार होताच कुत्स असा सुटला, की जणू शर्यत एकाच फेरीची आहे. पिरी त्याच्या पाठीशी. मग सुरू झाला तो छळ. उसळी, मंद गती, पुन्हा उसळी. दर वेळी पिरी मागे पडल्यासारखा होई आणि दर वेळी दात खाऊन पुन्हा येऊन चिकटे. बाकीचे केव्हाच मागे राहिले होते. पहिले पाच हजार मीटर त्यांनी सुमारे १४ मिनिटे ७ सेकंदांत काटले. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला झाटोपेकने पाच हजारांचे सुवर्णपदक घेतले ते जवळजवळ एवढ्याच वेळात, आणि येथे तर अजून तितकेच अंतर धावायचे बाकी होते!

सोळा फेऱ्या झाल्या, अठरा झाल्या, तरी पिरी हटेना. कुत्सही आतून संपत आला होता. आणखी काही वेळ पिरी असाच राहिला असता तर कदाचित वेगळा इतिहास लिहावा लागला असता. तेव्हा कुत्सने एक विलक्षण गोष्ट केली. शेवटच्या चारपाच फेऱ्या राहिल्या असताना तो बाजूला सरकला, जवळजवळ चालण्याइतका मंदावला आणि पिरीला पुढे जाण्याची खूण केली. पिरी नाइलाजाने पुढे झाला. पंचवीस फेऱ्यांत पहिल्यांदाच कुत्सला त्याचा चेहरा दिसला. इतका वेळ त्याच्या वाट्याला फक्त मागून येणारे श्वासच आले होते. तो चेहरा त्याने नीट पाहून घेतला, थोडे अंतर त्याच्या मागून धावला, आणि मग शेवटची उसळी घेऊन जो गेला तो गेलाच. पिरीचे पाय त्या क्षणी संपले. एकामागून एक माणसे त्याला ओलांडून गेली आणि तो आठवा आला. कुत्सची वेळ होती २८ मिनिटे ४५.६ सेकंद. झाटोपेकच्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा ३१ सेकंदांहून अधिक चांगली. ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला सोव्हिएत पुरुष ठरला.

दुसरा आला हंगेरीचा योझेफ कोवाच. येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता. त्या घटनेच्या निषेधार्थ काही देशांनी मेलबर्नवर बहिष्कारही टाकला होता. कोवाच कोणत्या मनाने लाल बनियनच्या मागे धावत असेल, हे आपण फक्त कल्पनेनेच जाणायचे. कुत्स स्वतः एक साधा नौसैनिक. त्या राजकारणात त्याचा हात नव्हता, पण त्याच्या पदकाचा उपयोग मात्र त्या राजवटीने भरपूर करून घेतला.

पाच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पाच हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती खऱ्या अर्थाने शर्यत झालीच नाही. कुत्स आरंभापासून पुढे होता आणि १३ मिनिटे ३९.६ सेकंदांत संपवून मोकळा झाला. पिरी अकरा सेकंदांनी दुसरा, इंग्लंडचाच डेरेक इबॉट्सन तिसरा. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रोममध्ये त्याने १३ मिनिटे ३५ सेकंदांचा नवा जागतिक विक्रम केला. चॅटवेकडून झालेल्या पराभवाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर. मी अंगाने थोराड आहे, हे मला ओळखणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. शाळेपासून मला पळायला आवडते. वेगात नव्हे, लांबवर. पण ज्या ज्या ठिकाणी निवड झाली, तेथे तेथे रांगेत उभ्या असलेल्या मला पाहताच निवडणाऱ्यांनी, घड्याळ खिशातून न काढताच, गोळाफेकीच्या बाजूला पाठवले. कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांनी ते रागाने केले नाही, उलट माझ्या भल्यासाठीच केले. गोळाही मी बऱ्यापैकी फेकते. पण मी किती वेळात तीन किलोमीटर धावते, हे त्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते, आणि ते विचारावे असेही कोणाला वाटले नाही. घरी आईचे म्हणणे निराळे. पहाटे रस्त्याने धावताना लोक हसतात, तर अगोदर बारीक हो आणि मग धाव, असे ती मायेने सांगते. तिला कसे समजावू, की मी बारीक होण्यासाठी धावतच नाही! मला धावायचे असते म्हणून मी धावते. उद्या माझे वजन एका छटाकानेही उतरले नाही तरी मी धावणारच आहे.

आणि मुलींच्या बाबतीत तर ही नजर आणखीच कठोर. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली, आणि बायकांना हे अंतर झेपत नाही असा ग्रह करून घेऊन ती जी बंद केली ती १९६० पर्यंत. ज्या मेलबर्नला कुत्स पंचवीस फेऱ्या धावला, तेथे स्त्रियांसाठी वैयक्तिक धावण्याची सर्वांत लांब शर्यत होती दोनशे मीटरची. म्हणजे अर्धी फेरी! ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन व्हायला १९८४ साल उजाडावे लागले.

कुत्सच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र दुःखाचा आहे, आणि तो गाळून चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या भयंकर सरावाने त्याला घडवले त्यानेच त्याला झिजवलेही. पोटाचे दुखणे, पायांचे दुखणे मागे लागले आणि १९५९ मध्ये, बत्तिशीतच, त्याने धावणे सोडले. पुढे तो लष्कराच्या क्रीडा संघात प्रशिक्षक झाला. सराव थांबला तसे वजन वाढत गेले आणि शंभर किलोच्या पलीकडे पोहोचले. मद्याचे व्यसन जडले. प्रकृती ढासळत गेली. त्याची धावतानाची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून हळहळण्याची लेखकांत एक रीतच आहे. मला ती रीत पटत नाही. त्या उत्तरायुष्यात हळहळण्यासारखे बरेच होते. एकाकीपणा होता, दारू होती, खेळ संपल्यावर खेळाडूचे काय होते याची कोणालाही नसलेली फिकीर होती. ते सोडून त्याच्या पोटाच्या घेराकडेच बोट दाखवायचे, म्हणजे त्याच्या लहानपणी त्याला चिडवणाऱ्या पोरांच्या रांगेत जाऊन बसायचे. १६ ऑगस्ट १९७५ रोजी मॉस्कोमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अठ्ठेचाळीस.

त्याच्या विक्रमांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दहा हजारांचा विक्रम १९६० मध्ये त्याचाच देशबांधव प्योत्र बोलोत्निकोव्ह याने मोडला. पाच हजारांचा मात्र सव्वासात वर्षे टिकला. मेलबर्नच्या उद्घाटनाच्या दिवशी ऑलिंपिकची ज्योत घेऊन मैदानात धावत आलेला एक एकोणीस वर्षांचा स्थानिक मुलगा होता, रॉन क्लार्क. त्याने १६ जानेवारी १९६५ रोजी ऑस्ट्रेलियातल्याच होबार्ट गावी पाच हजार मीटर १३ मिनिटे ३४.८ सेकंदांत संपवले. कुत्सपेक्षा दोन दशांश सेकंद कमी.